शेपटाला पोचलेला शब्द

झुंबर पोळ पहिल्यांदा वाचनालयात आला, त्या दिवशी मी त्याला पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला मोठेपणा द्यायला नको.

अंथुर्ण्याच्या आमच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. अशा वेळी लोक कमान बांधतात, नाहीतर गावजेवण घालतात. आम्ही ज्ञानकोश काढायचं ठरवलं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा: गावं, देवळं, पिकं, कालवे, जत्रा, माणसं, रीतीभाती. ठरवलं म्हणजे मी बैठकीत बोलले आणि बाकीचे विरोध करायचा विचार करेपर्यंत चहा आला. संपादक मी. मदतीला माऊली सर. हे हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, अत्यंत सज्जन. इतके सज्जन, की दोन्ही बाजूंचं पटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. आणि मार्गदर्शक म्हणून रावजीआप्पा. आप्पा आमच्या भागातले पुढारी. कुठल्या पक्षाचे ते लिहीत नाही, कारण हे छापून होईपर्यंत बदललं तर माझंच लिहिणं खोटं पडायचं.

तर झुंबर. साठी केव्हाच उलटलेली, अंगानं काटक, डोक्यावर टोपी, काखेत कापडात बांधलेलं गाठोडं. मला वाटलं, जत्रेच्या पत्रिका घेऊन आलाय. त्यानं टेबलावर गाठोडं सोडलं. आत पिवळे पडलेले सरकारी कागद. पाटबंधारे खात्याचे पाणी अर्ज, नमुना नंबर सात. पुढची बाजू कोरी, मागच्या बाजूला ठसठशीत अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

"बाई, शब्द आनल्यात."

"कसले?"

"राजकारनातले. नवे. ज्ञानकोशात घालायला."

मी एक कागद उचलला. 'डिकीनिष्ठ. ज्याच्या मोटारसायकलच्या डिकीत दोन्ही पक्षांची उपरणी घडी करून ठेवलेली असतात तो. कोणाच्या सभेला जायचं ते फाट्यावर ठरवतो.' खाली तारीख, जागा, कोणाच्या तोंडून ऐकलं, सगळं. दुसरा कागद. 'फोटोखालचा. फ्लेक्सवर ज्याचं तोंड येत नाही, फक्त नाव येतं, आणि जो तेवढ्यावर पाच वर्षं खूश राहतो तो.'

हसू आलं, पण मी दाबलं. हसलं की माणूस बसतो.

"झुंबरराव, हा ज्ञानकोश आहे. राजकारणातला नवा शब्द म्हणजे मांडवाचा बांबू. निवडणूक झाली की उपटायचा. दहा वर्षांनी हे कोणाला कळणार आहे?"

"म्हनूनच लिवून ठेवायचं ना."

"नाही. टिकलेलं लिहायचं."

"बरं," असं म्हणून त्यानं गाठोडं बांधलं आणि गेला. पुढच्या गुरुवारी परत आला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी. मी नाही म्हणायची, तो बरं म्हणायचा आणि पेपराच्या बाकावर बसून राहायचा. नंतर कळलं की नकार ऐकण्याची त्याची नोकरीच होती.

झुंबर मूळचा निरवांगीचा आणि एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होता. पाटकरी म्हणजे चाऱ्यांना, कालव्याच्या फाट्यांना, पाणी सोडणारा, पाणी बंद करणारा आणि दोन्हींबद्दल शिव्या खाणारा सरकारी माणूस. कालव्याचं एक साधं गणित आहे. जो डोक्याला, म्हणजे वरच्या अंगाला, तो पोटभर पितो. जो शेपटाला, त्याला वहीतलं पाणी मिळतं. डोक्याकडं ऊस, शेपटाकडं निवेदनं. झुंबर नवा असताना त्यानंही इतरांसारखंच केलं. वरच्यांची भरणी झाली की वहीत 'पाळी पूर्ण', म्हणजे सगळ्यांना पाणी पोचलं, असं लिहून मोकळा. एकदा घरी जेवायला बसला, तर नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची भावजय, कुशाबाई, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भावजी, तुमच्या वहीत आमची पाळी झाली म्हनं. रानात कवा व्हनार हाय?"

त्या दिवसापासून त्यानं नियम केला. चारीच्या पार शेवटच्या रानात जायचं, वाकून मातीत बोटं घालायची, बोटं ओली झाली तर 'पाळी पूर्ण' लिहायचं. नाहीतर 'पाळी चालू'. या नियमापायी साहेबांनी त्याची दोनदा बदली केली आणि दोनदा परत आणला, कारण तो असला की शेपटाकडचे लोक मोर्चा काढत नसत.

निवृत्त झाल्यावर हाताला काम राहिलं नाही. उरलेले कोरे अर्ज घरी पडलेले. निरवांगीच्या चहाच्या टपरीवर दिवसभर राजकारण वाहतंच. त्यानं शब्दांची पाळी धरायला सुरुवात केली. बारामतीत एखादा शब्द निघाला की तो किती दिवसांत शेपटाला पोचतो ते बघायचं. आणि पोचला कशाला म्हणायचं? तर ज्याला तो शब्द कोणी काढला हे ठाऊक नाही, अशा माणसानं तो राजकारण सोडून भलत्याच गोष्टीला वापरला पाहिजे. तेव्हा बोट ओलं झालं. पुढाऱ्याबद्दल वापरला तर तो निरोप. गाईबद्दल, सुनेबद्दल, पंपाच्या मोटारीबद्दल वापरला तर शब्द. नव्वदएक शब्दांपैकी साठांवर त्यानं स्वतःच काट मारली होती. "वाटंतच मुरलं," म्हणायचा.

मी आयुष्यभर पोरांना निबंध शिकवला. इतकी सरळ कसोटी मला सुचली नव्हती. पण हे त्याला सांगायची मला घाई नव्हती.

माऊली सरांनी एका गुरुवारी त्याला समजावलं. "झुंबरराव, असं बघा. शब्द असतात ते शब्दकोशात. ज्ञानकोशात वस्तू, व्यक्ती, घटना, रीती."

"सर, तुमी लग्नाच्या रीती घातल्यात?"

"घातल्या ना. हळद, मांडव, देवक, सगळं आहे."

"मग फोटोखाली नाव घालायची बी रीतच हाय. हळदीपरास जास्त ठिकानी व्हती. हळद एकदा लागती, नाव दर वाढदिसाला लागतं."

माऊली सरांना ते लगेच पटलं. मला जास्त राग आला तो त्यांचा. शेवटी मी वैतागून टेबलावर हात आपटला आणि नियम केला: जो नवा शब्द दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला असेल, त्याचाच विचार होईल. बाकीचे बाद. झुंबरचे शब्द टपरीवरचे, वर्तमानपत्रात कुठून येणार? दार लावल्यासारखं वाटलं मला.

झुंबर 'बरं' म्हणाला नाही. जाताना म्हणाला, "बाई, चारीची मोरी उघडायच्या आधी खालचं रान बघावं. पानी कुनाकडं जाईल ते."

पंधरा दिवसांत कळलं कुणाकडं गेलं ते. आप्पांचे दोन कार्यकर्ते फाइल घेऊन आले. सोबत एक नोंद, टाइप करून, फोटोसकट. 'समृद्धीरथी'. अर्थ: रावजीआप्पा. म्हणजे अर्थाच्या जागी सरळ माणूसच बसवला होता. आणि पुरावा? चार वर्तमानपत्रं. सगळी एकाच तारखेची, आप्पांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या.

"मॅडम, तुमचा दोनचा नियम हाय ना? आमी चार आनल्यात."

"अहो, पण या जाहिराती आहेत."

"छापून आलंय ना मॅडम? का छापलेलं बी खोटं असतं?"

मी माऊली सरांकडं पाहिलं. त्यांना पटलं होतं. कार्यकर्ते गेले आणि मी माझ्याच नियमात पाय अडकून बसले. डिकीनिष्ठ, जो या भागातल्या प्रत्येक चौकात उभा आहे, तो बाहेर. आणि समृद्धीरथी, जो छापखान्याबाहेर कोणी उच्चारलेला नाही, तो आत, फोटोसकट.

झुंबर बाकावरच होता. मी त्याच्यावर उसळले. "बघत काय बसलाय? बोला की. मी मूर्खपणा केला असं म्हणा."

"मी कशाला म्हनू? तुमी म्हनला की."

मग मी पहिल्यांदा त्याला नीट विचारलं. "झुंबरराव, खरं सांगा. दर गुरुवारी निरवांगीहून येता. नव्वद शब्दांसाठी कोणी येत नाही. कुठल्या एका शब्दासाठी येताय?"

त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला अर्ज काढला. हा गाठोड्यात नसायचा. वर लिहिलं होतं, 'काचउतार'. खाली 'पाळी चालू'.

आणि मग त्यानं मला गेणबाचा दहावा सांगितला.

गेणबा त्याचा थोरला भाऊ, कुशाबाईचा नवरा. तीस वर्षं रावजीआप्पांच्या प्रत्येक सभेच्या सतरंज्या त्यानं अंथरल्या आणि सभा संपल्यावर झटकून, घड्या घालून, ट्रॅक्टरात भरून परत पोचवल्या. अंथरायला चार जण असायचे, उचलायला हा एकटा. ना त्यानं कधी पद मागितलं, ना कोणी विचारलं. फ्लेक्सवर फोटोखालीसुद्धा नाव नाही. तीन वर्षांपूर्वी गेला. दशक्रियेला आप्पा स्वतः येणार असा निरोप आला.

आमच्याकडं दहाव्याचं कसं असतं हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या घाटावर मांडव. एका बाजूला पिंड मांडलेले, समोर महाराजांचं प्रवचन, आणि मधूनमधून पुढारी येऊन माइकवर श्रद्धांजली वाहणार. पुढारी जेवढा मोठा तेवढं प्रवचन लांबतं, कारण तो येईपर्यंत आटोपता येत नाही. मेलेल्याच्या आत्म्याला कावळ्याची वाट बघायची सवय असते, जिवंतांना आप्पांची.

साडेआठची वेळ दिली होती. सव्वादहा वाजले. महाराजांवर दोनदा मोक्षापर्यंत जाऊन परत संसारात यायची पाळी आली. पिंडाजवळ चार कावळे बसलेले, पण गुरुजी म्हणत होते, "जरा थांबवा त्यांना, आप्पा येऊ द्या." कावळ्यांना कोण थांबवणार? एका कार्यकर्त्यानं खरंच हातात टॉवेल घेऊन थांबवलं.

आणि मग गाड्या आल्या. धुरळा, हॉर्न. कावळे उडाले. मधली काळी गाडी घाटाच्या वरच्या रस्त्यावर थांबली. झुंबर पळत वर गेला. गाडीची काच खाली आली, निम्मी. आतून गार हवा आणि एक हात बाहेर. "फार वाईट झालं. आपला मानूस हुता. पुढं अजून तीन दहावे हायेत." झुंबर म्हणाला, "आप्पा, दोन शब्द बोलला असता तर वैनीला..." एवढ्यात काच वर गेली. "माझं निम्मं बोलनं आत ऱ्हायलं, निम्मं भाईर," झुंबर मला म्हणाला. गाडी गेली.

तो खाली आला. कुशाबाई बायकांत बसली होती. तिनं विचारलं, "आलं व्हतं आप्पा?"

"आलं व्हतं."

"उतरलं?"

"न्हाय. काच उतरली."

कुशाबाईनं वर रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी काचउतार झाली म्हना." आणि गुरुजींना म्हणाली, "आता येऊ द्या कावळं."

कावळा लगेच शिवला. कोणीतरी म्हणालं, गेणबाचा जीव आप्पांत अडकला होता. कुशाबाई म्हणाली, "न्हाय, मोटार जायची वाट बघत हुतं."

बायकांनी तो शब्द उचलला. झुंबर माझ्यापुढं एकेक अर्ज मांडत गेला. अंथुर्ण्याच्या डेअरीत ऐकलेला: जनावरांच्या डॉक्टरनं काचउतार तपासलं, गोठ्याच्या बाहेरूनच गाईला बरी आहेस का विचारलं. बारामतीच्या मार्केट यार्डात: व्यापाऱ्यानं ढोबळी मिरची काचउतार बघितली, क्रेट उघडलाच नाही. आणि लोणी भापकर, जिथं कालव्याचं पाणी कधी पोचलं नाही, तिथला अर्ज त्यानं जपून वेगळा ठेवला होता. सारजा नावाची कोणी बाई एसटीत शेजारणीला म्हणाली होती, "सून दिवाळीला आली, पर काचउतार. पिशवी बी खाली ठेवली न्हाय."

मी चष्मा पुसला. "झुंबरराव, नियम गेला खड्ड्यात. हा शब्द मी घालते."

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"अजून शेपटाला पोचला न्हाय."

"अहो, लोणी भापकरला पोचला. आणखी शेपूट कुठलं?"

"बाई, ह्यो शब्द उलटा वाहिलाय. निरवांगीत निघाला, वर गेला. मग ह्याचं शेपूट खाली कसं असंल? जिथं सगळ्यात शेवटी पोचतंय ते शेपूट." त्यानं अर्ज परत घडी केला. "आप्पाच्या तोंडात यायला पायजे. त्यांला ठावं नसताना. तवर पाळी चालू."

मी त्याला सांगितलं की महिनाअखेरीस प्रत छापखान्यात जाणार. एकदा गेली की नोंद घालता येणार नाही, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा आपण दोघंही दुसऱ्याच कुठल्या नोंदीत असू. भावाचं नाव राहून जाईल. तो म्हणाला, "ऱ्हावू द्या. जलमभर कोरड्या रानाची पाळी लिवली न्हाय, आता भावासाठनं लिवू?"

मला असल्या माणसांचा संताप येतो. लबाड माणसाशी निदान भांडता येतं.

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला शेवटची बैठक. मार्गदर्शक स्वतः आले. वाचनालयाची पायरी चढले, कारण सोबत दोन वार्ताहर होते आणि फोटो गाडीत चांगला येत नाही. समोर चहा, बाजूला माऊली सर, बाकावर झुंबर. माझ्या पिशवीत 'समृद्धीरथी'ची नोंद, तिचं काय करायचं ते अजून मला ठरवता आलेलं नव्हतं.

आप्पांनी प्रत हातात घेतली, वजन बघितलं, न उघडता खाली ठेवली आणि आम्हाला मार्गदर्शन केलं. पुस्तक मोठं झालं पाहिजे, भागाचं नाव झालं पाहिजे वगैरे. आणि मग म्हणाले, "एक सांगतो मॅडम. काम पक्कं करा. नुसतं काचउतार नको."

माऊली सरांचा कप बशीत वाजला. बाहेर पायरीवर बसलेला आप्पांचा ड्रायव्हर उठून लांब जाऊन उभा राहिला.

बाकावरून झुंबरचा आवाज आला, अगदी साधा. "आप्पा, काय म्हनला?"

"काचउतार."

"म्हंजी काय असतंय?"

"तुमाला ठावं न्हाय?" आप्पांना समजावून सांगायला आवडतं. "म्हंजी बघा, आत शिरायचं न्हाय, पाय टेकवायचा न्हाय, भाईरनं उरकायचं आन् पुढं जायचं. लई लोकांची असली सवय असती."

"कुठनं आनला शब्द?"

"आमचा ड्रायव्हर म्हनत असतोय. का हो?"

"काय न्हाय. लिवून घेतोय." झुंबरनं खिशातून अर्ज काढला, मांडीवर ठेवला, 'चालू' या शब्दावर काट मारली आणि शेजारी 'पूर्ण' लिहिलं. तारीख घातली. अक्षर वळणदार.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वार्ताहरांच्या वर्तमानपत्रांत मथळा होता: 'काचउतार कामे खपवून घेणार नाही'. फोटोसकट. म्हणजे झुंबरचा नियम पाळला गेला आणि माझाही.

उरला प्रश्न नावांचा. झुंबर म्हणाला, "ते वैनीला इचारा. शब्द तिचा हाय." मी त्याच दिवशी निरवांगीला गेले. कुशाबाई ढोबळीच्या वाफ्यात तण काढत होती. साठीची बाई, उठली नाही. मीच बांधावर बसले.

मी सगळं सांगितलं. पुस्तकात लिहायचं तर शब्द कुठं, कधी, कशावरून निघाला ते लिहावं लागेल. आप्पांचं नाव घालायचं का?

"तेंचं कशाला?"

"त्यांच्यावरूनच तर शब्द निघाला."

"बाई, तेंचं नाव कुठं न्हाय? शाळंवर हाय, स्टँडवर हाय, आमच्या हापशावर बी हाय. आनिक एका जागी कशाला? आमच्या ह्यांचं घाला."

"घालते. काय लिहू?"

ती तण उपटत राहिली. "सतरंज्या अंथरल्या ते लिवा. आन् उचलल्या ते बी लिवा. अंथराया सगळी असत्यात, उचलाया कुनी थांबत न्हाय."

"बरं. आणि हे बघा, समृद्धीरथी हा शब्द कधी ऐकलाय?"

तिनं मान वर केली. "ढोबळीचं नवीन बी हाय व्हय? आमी जुनंच लावतो."

मी घरी येऊन दोन कामं केली. नियमात एक ओळ वाढवली, की छापून आलेला शब्द माणसांच्या तोंडीही असला पाहिजे, आणि 'समृद्धीरथी' चारही पुरवण्यांसकट परत पाठवला. आणि डिकीनिष्ठ आणि फोटोखालचा यांनाही आत घेतलं. छापलेल्याची अट मी काढून टाकली का? हो, काढली. नियम माझाच होता. मी केला, मी मोडला. माऊली सर म्हणाले, शब्दाच्या नोंदीत गेणबाची माहिती म्हणजे जरा अवांतर होतं. मी म्हटलं, कालव्याच्या नोंदीत धरणाचं नाव लिहिलंय, तेही काढू का? त्यांना पटलं.

प्रत छापखान्यात गेल्यावर आठ दिवसांनी आप्पांचा फोन आला. शब्द कुठून निघाला ते ड्रायव्हरनंच सांगितलं असावं.

"मॅडम, ती काचउतारची नोंद हाय म्हनं पुस्तकात."

"आहे."

"त्यात माझं नाव हाय का?"

"नाही."

"बरं झालं." मला वाटलं, ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी काहीच उल्लेख न्हाय?"

"एक पुढारी असं लिहिलंय."

"एक पुढारी," ते म्हणाले. "असं कसं मॅडम. कुनी बी असू शकतंय मग."

मी फोन ठेवला आणि प्रकाशनाच्या पत्रिका लिहायला बसले.

प्रकाशन वाचनालयाच्या अंगणात झालं. आप्पा आले. गाडी फाटकाशी थांबली आणि सगळ्या अंगणानं माना खाली घातल्या. नमस्कारासाठी नव्हे, सगळे त्यांच्या पायांकडं बघत होते. आप्पा उतरले. एक पाय, मग दुसरा, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून क्षणभर तसेच उभे राहिले, फोटो काढेपर्यंत. ऐकते की हल्ली दहाव्यांनाही उतरतात. त्यामुळे प्रवचनं आणखी लांबलीत.

गर्दी पांगल्यावर झुंबर कुशाबाईला घेऊन आला. तिला अक्षरओळख जेमतेम. मी पान उघडून मोठ्यानं वाचलं:

'काचउतार. पुढाऱ्याने वाहनातून न उतरता, काच अर्धी खाली करून दिलेली भेट. त्यावरून, आत न शिरता व पाय न टेकवता उरकलेले कोणतेही काम. निरवांगीचे गेणबा पोळ यांच्या दशक्रियेला एका पुढाऱ्याने अशी भेट दिली, तेव्हा नीरेच्या घाटावर त्यांच्या पत्नी कुशाबाई यांनी हा शब्द काढला. गेणबा यांनी तीस वर्षे परिसरातील सभांच्या सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या. शब्दाच्या प्रवासाची नोंद झुंबर पोळ, पाटकरी, यांनी ठेवली.'

झुंबरनं आपलं नाव ऐकून टोपी सारखी केली. "माझं कशाला घातलं?"

"नोंद ठेवणाऱ्याचं घालतात. गप्प बसा."

कुशाबाईनं बोटानं पान दाबून धरलं. "ह्ये किती वळी झाल्या?"

मी मोजल्या. "सात."

"आन् आप्पाचं हाय का कुठं?"

"त्यांची वेगळी नोंद आहे. साखर कारखान्याचे संचालक म्हणून." मी पानं उलटली. "चार ओळी."

"वैनी, वळी मोजायच्या असत्यात व्हय?" झुंबर म्हणाला.

"तुमी जलमभर पानी मोजलं ते?" असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं, पिशवीतल्या ढोबळ्या एका अंगाला सारल्या, पुस्तक तळाशी घातलं, म्हणजे दुमडायला नको, आणि ती एसटीच्या वेळेला निघाली.